प्रतिसाद: चादरीच्या कारखान्यात शूट, कॅमेरामन कसा ठरवावा

तुम्हाला सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यातल्या माहितीपटासाठी कॅमेरामन हवाय, आणि वर बहुतेकांनी शोरील (त्याच्या आधीच्या कामाची छोटी झलक) बघा असं सुचवलंय. शोरीलमध्ये फक्त निवडक शॉट असतात. त्यापेक्षा कारखान्यासारख्या अंधाऱ्या जागेतलं दहा मिनिटांचं न कापलेलं फुटेज मागा. फोकस सुटल्यावर माणूस तो कसा सावरतो, ते त्यातच दिसतं.

मग शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड सेकंदाचा कितवा भाग आत घ्यायचा) काय ठेवणार, हे नक्की विचारा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेकंदाला २५ फ्रेमला १/५० शटर ठेवलं की चित्र स्वच्छ येतं. १/६० ठेवलं तर पट्टे सरकताना दिसतात आणि ते एडिटिंगमध्ये धड निघत नाहीत. धोट्याचा (मागावर आडवा धागा नेतो तो) स्लो मोशन सेकंदाला १२० फ्रेमवर हवा असेल तर खिडकीचा उजेड किंवा फ्लिकर नसलेले लाइट लागतातच. ते कोण आणणार, हे आधीच ठरवा. मागाजवळ तंतू सतत उडतात, तिथे लेन्स बदलू देऊ नका. २४-७० मिमीसारखी एकच झूम लेन्स पुरते.

दर बोलताना शिफ्टचे तास, ओव्हरटाइम, कॅमेरा दरात धरलाय का, असिस्टंट आणि प्रवास हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्डिंग केलं तर तासाला ४५ जीबी भरतात, म्हणून दोन हार्डडिस्क तुमच्याच ठेवा. दोन्हींवर कॉपी उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट होता कामा नये.

मागाच्या खडखडाटात मुलाखत घेऊ नका, माग बंद असताना घ्या.