मिथेनभक्षी की मिथेनपोषी?

प्रश्न : मी सोलापुरात नववीला विज्ञान शिकवते. समुद्रतळाखालच्या गाळात मिथेन वायूवर गुजराण करणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी टिपण लिहिताना मी ‘स्वयंपोषी’, ‘परपोषी’ यांच्या धर्तीवर ‘मिथेनपोषी’ हा शब्द योजला. त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, की शेतकऱ्याला जगाचा पोशिंदा म्हणतात, तसे हे जीव मिथेनला पोसतात का? त्याचे चुकले असे मला म्हणवेना. ‘मिथेनभक्षी’ म्हणावे का?

उत्तर : बाई, ही शंका रास्त आहे. आपल्याकडे गोबरगॅसच्या टाकीत शेणापासून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव आणि समुद्रतळाखाली तोच वायू संपवणारे हे सूक्ष्मजीव, दोघेही आर्किया या गटातले असून संपवणारे बव्हंशी बनवणाऱ्यांचीच रासायनिक वाट उलट्या दिशेने चालतात, त्यामुळे येथे उलटा अर्थ निघू शकणारा शब्द टाळलेलाच बरा. ‘भक्षी’ म्हणताच तोंड आणि पोट डोळ्यांसमोर येते, असा आक्षेप कोणी घेईल. पण मराठीत गंजही लोखंड खातो.

‘मिथेनभक्षी जिवाणू’ असे मात्र लिहू नये. आर्किया हे जिवाणूंहून वेगळे आहेत, हे १९७७ पासून मानले जाते, आणि येथे तर दोघांची भागीदारी आहे. ओरेगन किनाऱ्यालगतच्या हायड्रेट रिज येथील गाळात आर्कियांच्या पुंजक्याभोवती सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंचे वेष्टन असल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. ऑक्सिजन नसलेल्या त्या थरात आर्किया मिथेनचे ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन जिवाणू सल्फेटच्या कामी लावतात.

या जीवांना ‘मिथेनची गाळणी’ म्हणणेही मला पटत नाही, जरी ‘गाळ’ आणि ‘गाळणी’ शेजारी छान दिसत असले तरी. गाळणीत अडकलेली वस्तू तशीच राहते. येथे मिथेनमधील कार्बनचे बायकार्बोनेट होते व त्यातून पुढे चुनखडकही साचतो. समुद्राच्या गाळात तयार होणाऱ्या मिथेनचा फार मोठा भाग असा पाण्यात येण्यापूर्वीच संपतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो, म्हणून हवामानाच्या दृष्टीने ‘संपवणे’ हाच अर्थ शब्दात ठळक हवा.

प्रश्न : मग ‘मिथेनभक्षी आर्किया’ असेच लिहिते. उजनीच्या गाळाचे उदाहरण देऊ का?

उत्तर : ‘गाळ’ हा शब्द समजावण्यापुरते अवश्य द्यावे. गोड्या पाण्यात सल्फेट तुटपुंजे असते, त्यामुळे समुद्रातली ही भागीदारी धरणाच्या गाळाला जशीच्या तशी लावू नये.