शाळा समितीत घेतलं, आता सुरुवात कुठून करू?

कपाशीवाला बाप (यवतमाळकडचा):
राजेहो, जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मले घेतलं. बैठक सकाळी अकराला. तवा अर्धं गाव वावरात, मंग रजिस्टरच सहीसाठी घरोघरी फिरते. मुख्याध्यापक भला माणूस, पण दोन शिक्षक अन् पाच वर्ग. तिसरा मास्तर मागावा काय?

निवृत्त गुरुजी, वाशीम:
मागा, पण शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत 60 पटापर्यंत दोनच शिक्षक आहेत. आधी पट पाहा. त्याहून आधी बैठकीची वेळ बदला. वेचणीच्या दिवसांत आम्ही रात्री मारुतीच्या पारावर बसत होतो. समितीत 75 टक्के पालक अन् एकूण निम्म्या महिला लागतात. त्या बोलू लागल्या की खिचडीतली डाळ किती पातळ, ते लगेच कळते! शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो, तो काढायला लावा.

चौथीतल्या पोरीची माय:
गुरुजी, पारावर बाया बोलतीन काय? आम्ही अंगणवाडीत बसतो. आमच्या बाईंनी भाषण नाही दिलं. पोरीची वही उघडून दाखवली, 52 वजा 27 बरोबर 35. म्हणे, हातचा अडते, घरी काड्या घेऊन बसवा. पऱ्हाटीच्या काड्या मोडल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. एक जुडी सोडली की तिले समजते.

कपाशीवाला बाप:
ताई, हे बेस झालं. अंगणवाडीची चावी सेविकाबाईकडंच असते ना?