मुलगा/मुलगी मानसोपचार वॉर्डात असताना: अनुभव आणि उपयोगी माहिती

दांडियाबाजार
सकाळी कपाट आवरताना मार्करने नाव घातलेला टॉवेल हाती लागला आणि ते दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले. आमचं काय झालं ते सांगत बसत नाही. पण बडोद्यात आज कुणाच्या तरी घरी ही वेळ आलेली असेलच, त्यांच्यासाठी धागा काढतेय. माहिती असेल ती लिहा.

पिशवीपासून सुरू करते. नाडीचं काही नेऊ नका, सगळं इलॅस्टिकचं. नाडी तिथे काढून घेतात आणि मग पोर दिवसभर एका हाताने पायजमा धरून फिरतं. हुडीची दोरी घरीच उपसून टाका. ओढणी, पट्टा, लेसचे बूट, तारेची स्पायरल वही, आरसा, काचेची बाटली, नेलकटर, चार्जर हे सगळं दारातून परत येतं. शिवलेली वही चालते. कपड्यांवर आतून नाव घाला, धोब्याकडे अदलाबदल होते.

चालू औषधं मूळ स्ट्रिपसकट न्या. डबीत सुट्या काढलेल्या गोळ्या डॉक्टरांना ओळखता येत नाहीत. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधी सुरू, कधी आणि का बंद, हे एका कागदावर लिहा.

वाडीवाली
नाडीचं अगदी अगदी. घाईत आहे, कुकर लावलाय. एकच विचारते, पंधरा वर्षांच्या मुलीला दाखल करताना "तुम्ही घरी जा, आम्ही बघतो" म्हणाले तर जायचं का?

मांजलपूर_बाबा
नाही जायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 87. अठराच्या आतलं मूल असेल तर पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण मुक्कामभर सोबत राहायचं असतं. मुलगी असेल आणि कागदावर वडिलांचं नाव असेल तर सोबतीला बाईच हवी. आई, मावशी, आत्या कुणीही. पाळ्या आधीच लावून घ्या, चौथ्या रात्री एकटी आई कोलमडते.

त्याच कलमात आहे: मोठ्या माणसांच्या वॉर्डात ठेवायचं नाही. दोघांनी वेगवेगळं तपासलेलं हवं, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ, आणि तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांतली. 72 तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (या कायद्याखालीच नेमलेलं, रुग्णांचे हक्क बघणारं) रुग्णालयाने कळवायचं, मुक्काम 30 दिवसांवर गेला तर पुन्हा. पालकाने सोडा म्हटलं तर सोडावं लागतं. मुक्कामातच अठरावं पूर्ण झालं की सही पोराची, तुमची नाही. याची तयारी आधी करा, ऐनवेळी फार बोचतं.

वाडीवाली
देव भलं करो तुमचं. स्क्रीनशॉट काढला.

निवृत्त_सिस्टर
लिथियमवर (मूडच्या टोकाच्या चढउतारांवरची गोळी) असलेल्या मुलींच्या आयांनो, हे नीट वाचा. आषाढात गुजराती मैत्रिणी मोळाकतचं (गौरीचं) व्रत करतात, पाच दिवस अळणी. आपल्या मराठी मुलीही हौसेने बसतात. लिथियम चालू असताना अळणी व्रत अजिबात नाही. शरीरात मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला बघतं आणि त्याबरोबर लिथियमही परत आत ओढतं. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन, त्याच दिवशी रक्ताची तपासणी.

गरब्याचंही तेच. तीन तास घाम गाळून पाणी नाही प्यायलं तर पातळी चढते. आणि पाळीत पोट दुखतं म्हणून आयबुप्रोफेन देऊ नका, त्यानेही चढते. पॅरासिटामॉल द्या.

लिथियमची पातळी बघायला रक्त द्यायची वेळ फार घरांत चुकते. रात्री 9 ला गोळी, सकाळी 9 ला रक्त, मग सकाळची गोळी. आधी गोळी देऊन लॅबमध्ये नेलं की आकडा खोटा वर येतो आणि डोस उगाच कमी होतो.

अलकापुरी_आई
उपासाला सैंधव चालेल ना? नवरात्रात आमच्याकडे साधं मीठ नसतं.

निवृत्त_सिस्टर
चालेल, तेही सोडियमच. रोज जितकं खारट तितकंच ठेवा. कमी नको, एकदम जास्तही नको.

अलकापुरी_आई
मोळाकतचे जवारे (व्रतासाठी उगवलेले धान्याचे कोंब) आमच्या गच्चीत अजून उगवतात. मुलगी पाणी घालते, व्रत नाही करत. तेवढ्यावर खूश आहे.

रावपुरा
थोडं वेगळं. डॉक्टर गुजरातीत विचारतात, "गभरामण थाय छे?" आपली मुलं घरात मराठी बोलतात, ती नुसती मान हलवतात आणि आपण मध्ये पडून उत्तर देतो. नका देऊ. "छातीत धडधडतं का, श्वास अडकतो का, की नुसती भीती वाटते" असं मराठीत फोडून विचारा आणि जे येईल ते पोराच्याच शब्दांत सांगा. तिन्हींचा अर्थ वेगळा निघतो.

दांडियाबाजार
रावपुरा, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

मांजलपूर_बाबा
घरी आणताना. पहिला आठवडा आणि पहिला महिना सगळ्यांत नाजूक. बाहेर पडायच्या आधीच सात दिवसांच्या आतली पुढची तारीख घ्या. गोळ्या एका आठवड्याच्याच आणा, पत्र्याच्या डब्यात कुलूप लावून ठेवा, आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही त्यातच. फिनेल, उंदराचं औषध घराबाहेर. गच्चीची किल्ली तुमच्याकडे. नैराश्याची गोळी नवी असेल किंवा डोस वाढवला असेल तर पहिले काही आठवडे विशेष लक्ष: झोप उडणं, येरझाऱ्या, चिडचिड वाढणं. कधीकधी या वयात सुरुवातीला मरणाचे विचार वाढतात. गोळी स्वतःहून बंद नाही करायची, फोन करायचा. मध्यरात्री कुणीच उचललं नाही तर 14416, टेली-मानस, चोवीस तास, मोफत.

वाडीवाली
कुकर झाला, परत आले. शाळेत काय सांगायचं?

निवृत्त_सिस्टर
आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. वर्गशिक्षिकेला तीन गोष्टी पुरे: गोळीमुळे सकाळी गुंगी असते म्हणून पहिल्या तासाला बोट दाखवू नका, पाण्याची बाटली आणि बाथरूमला अडवू नका, काही वेगळं वाटलं तर आधी आईला फोन. सर्टिफिकेट मागितलं तर डॉक्टरांकडून "उपचार चालू आहेत, अमुक दिवस विश्रांती" एवढंच लिहून घ्या. आणि वाडीवाली, बाटली लिटरची द्या, अर्ध्याची पुरत नाही.