उंची १५२ सेंमी, गिअरची पहिलीच गाडी: कोणती घ्यावी?

नवशिकी
उंची १५२ सेंमी, वजन ४८ किलो. स्कूटर नीट चालवता येते, गिअरची गाडी मात्र पूर्ण नवीन. रोज शहरात ३० किमी आणि अधूनमधून १००-१५० किमीचा फेरा एवढा वापर होईल. सध्या मनात असलेल्या गाड्यांच्या सीटची उंची ७३५ ते ८०० मिमी आहे. '७८० च्या आतली घ्यायची' एवढा एकच निकष लावला तर चालेल का? दोन्ही पाय पूर्ण टेकायलाच हवेत का? आणि आवडलेली गाडी जरा उंच असेल तर ती खाली करून घेणं कितपत बरं?

पाना१२_१३
तो एकच निकष लावलात तर फसाल. सीटची छापील उंची रिकाम्या गाडीची, सीटच्या मधोमध मोजलेली असते. पाय मात्र सीटच्या कडेवरून खाली उतरतात. सीट पुढे रुंद असली की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्ची पडते. म्हणून ७९० ची निमुळती सीट कधीकधी ७६५ च्या रुंद सीटपेक्षा सोपी जाते.

आधी स्वतःचं माप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. तुमच्या उंचीला हे बहुधा ६७-७० सेंमी भरेल. गाडी बघायला जाताना रोजचेच बूट घाला. जाड तळाचे बूट असले तर २ सेंमी सहज मिळतात.

दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं काही नाही. दोन्ही चवडे भक्कम टेकत असतील, किंवा जरा एका बाजूला सरकल्यावर एक पाय टाचेसकट टेकत असेल, तर पुरे. फक्त अंगठ्याची टोकं लागत असतील तर मात्र पहिली गाडी म्हणून ती सोडून द्या.

आता वजन. लोक इथेच कमी लक्ष देतात. हिरो स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिमी आणि वजन ११२ किलो. रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिमी आणि वजन १९१ किलो. वीस मिलिमीटर वाचवायला तुम्ही ७९ किलो अंगावर घेताय. गाडीचा गुरुत्वमध्य साधारण ५० सेंमीवर आणि हँडल एक मीटरवर धरलं, तर १८० किलोची गाडी १० अंश कलल्यावर हँडलला सुमारे १६ किलोचा जोर लावून सावरावी लागते. ३० अंशांवर तोच जोर ४५ किलो होतो, म्हणजे जवळपास तुमच्या वजनाएवढा. ११२ किलोच्या गाडीला हे आकडे अंदाजे १० आणि २८. सीट खाली असली तरी हे गणित बदलत नाही.

माझं स्पष्ट मत: १००-१६० सीसी, १४५ किलोच्या आत, निमुळती सीट. तुमच्या वापराला एवढं इंजिन भरपूर आहे. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली मिळत असेल तर तीच घ्या. घाबरल्यावर नवा चालक पुढचा ब्रेक करकचून दाबतोच.

तिसरा_गिअर
वजनाबद्दल सहमत. पण क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटच्या लांब गाड्या, सरसकट बाद करू नका. बजाज ॲव्हेंजरची सीट ७३७ मिमी, होंडा रेबेल ५०० ची ६९०. अशा सीटवर पाय टेकण्याची धास्ती राहत नाही आणि शिकताना डोकं क्लचवर राहतं. अडचण दुसरीकडे येते. फूटरेस्ट पुढे असले की पाय जवळजवळ ताणून गिअर टाकावा लागतो आणि खड्ड्यावर फूटरेस्टवर उभं राहून धक्का झेलता येत नाही. चाकांमधलं अंतरही जास्त, त्यामुळे अरुंद जागेत हँडल जास्त वळवावं लागतं आणि त्याच्या बाहेरच्या टोकापर्यंत आखूड हात पोचत नाही.

म्हणून शोरूममध्ये नुसतं बसून उठू नका. गाडी उभी असतानाच हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. खांदा सीटवरून पुढे ओढला जात असेल तर ती गाडी लांब पडते. मग डाव्या बाजूला उभं राहून, सीटला कंबर टेकवून, उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवून दहा पावलं पुढे ढकला आणि दहा मागे घ्या. साईड स्टँडवरून सरळ करा, मेन स्टँड असेल तर त्यावर चढवून बघा. यात दम लागला तर रोज पार्किंगमध्ये लागेल.

शॉकॲब
गाडी खाली करण्याबद्दल, सगळ्यात निरुपद्रवी उपायापासून.

पहिला बिनखर्चाचा. मागच्या शॉकॲबच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) स्प्रिंगचा ताण सगळ्यात मऊ खाचेवर आणा. हुकचा पाना लागतो, आणि दोन शॉकॲब असतील तर दोन्ही एकाच खाचेवर हवेत. ४८ किलोला तीच खाच योग्य. नाहीतर हलका माणूस बसल्यावर गाडी दबतच नाही आणि उंच वाटते.

दुसरा, सीटचा फोम. वरून २० मिमी काढण्यापेक्षा पुढच्या दोन्ही कडा तिरक्या छाटल्या तर पाय जास्त सरळ उतरतो. कव्हर शिवण्याआधी नुसत्या फोमवर अर्धा तास बसून बघा. फार छाटला तर खालचा पत्रा किंवा प्लास्टिक टोचायला लागतं.

तिसरा, पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) क्लॅम्पमधून वर सरकवणं आणि मागे लिंक (शॉकॲबला जोडणारी पट्टी) बदलणं किंवा आखूड शॉकॲब लावणं. हे नव्या चालकाने करूच नये असं मला वाटतं. फक्त मागची बाजू उतरवली तर हँडल जड आणि आळशी होतं. दोन्ही उतरवल्या तर गतिरोधकावर इंजिनचा तळ घासतो, आणि शॉकॲब पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला लागतोय का ते तपासावं लागतं. शिवाय एक गोष्ट हमखास विसरली जाते: साईड स्टँड आता लांब पडतो. गाडी त्यावर जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे आडवी होते. स्टँडही तेवढाच आखूड करून घ्यावा लागतो.

हाफ_क्लच
गाडी पडते ती बहुतेक वेळा चालण्याच्या वेगात. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला कोसळते आणि आखूड पाय तिला सावरायला वेळेत जमिनीला पोचत नाही. शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये हँडल सरळ, पुढचा ब्रेक हळूहळू सोडून मागच्यावर या, क्लच दाबलेला, पहिला गिअर, थांबायच्या क्षणी डावा पाय खाली. उजवा मागच्या ब्रेकवरच. दोन्ही पाय एकदम खाली सोडायची स्कूटरची सवय इथे मोडावी लागेल.

पाय कुठे पडणार ते थांबायच्या आधीच बघा: खडी, तेल, खळगा. कडेला रस्ता उतरता असेल तर त्या बाजूची जमीन आणखी ३-४ सेंमी खाली असते. उतारावर तोंड खाली करून पार्क करू नका, बसल्या बसल्या मागे घेता येणार नाही. मागचं चाक उताराच्या खालच्या बाजूला, गिअर टाकून.

नवशिकी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मोजलं तर ६८ सेंमी भरलं. अजून एक विचारते: बोटं आखूड आहेत, क्लचचा लिव्हर लांब पडतो. काही उपाय?

पाना१२_१३
आधी लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवा. बोटं ठेवल्यावर मनगट आणि हात एका रेषेत यायला हवेत. बऱ्याचदा यानेच काम होतं. मग केबलचा मोकळा खेळ बघा. लिव्हरच्या टोकाला साधारण १०-१५ मिमी असावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. क्लच जवळ पकडावा म्हणून खेळ खूप वाढवू नका. तसं केलं तर क्लचच्या प्लेटा पूर्ण सुटत नाहीत, पहिला गिअर टाकताच गाडी पुढे ओढते आणि न्यूट्रल सापडत नाही. अगदीच कमी ठेवलात तर क्लच घसरतो आणि जळतो. एवढ्यानेही बोटं पोचली नाहीत, तर त्याच मॉडेलचा अंतर बदलता येणारा लिव्हर लावा. आहे तो लिव्हर तापवून किंवा ठोकून वाकवू नका. ओतीव ॲल्युमिनियम असतं, तडा जातो आणि ऐन वेळी तुटतो.