जुन्या मारुती जिप्सीत एस्टीम कारचं इंजिन बसेल का?

माझी ९७० सीसीची ४ गिअरवाली जिप्सी आहे, घाटात दम टाकते. भंगारवाल्याकडे एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

> घे, पण नुसतं इंजिन नको. वायरिंग, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर सगळं त्याच गाडीचं उचल, नाहीतर नंतर एकेका कनेक्टरसाठी वणवण. एस्टीममध्ये इंजिन आडवं असतं, जिप्सीत उभं, त्यामुळे संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं), आतला ऑइल पिकअप (तेल ओढणारी नळी) आणि माउंटिंग १.३ लिटरवाल्या जिप्सीचंच लागेल. मी संप तसाच ठेवला होता, पहिल्याच खड्ड्यात फ्रंट ॲक्सल ठण्णकन लागला, तेलाचं तळं.

> आणि तुझा ४ स्पीड गिअरबॉक्स त्याला बसत नाही रे. १.३ चा ५ स्पीड घे, क्लच-फ्लायव्हीलसकट. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगळी असते म्हणून गिअरबॉक्स आणि तिच्या मधला छोटा शाफ्ट मापून घे, तिथेच सगळे फसतात.

> कार्ब्युरेटरचा पेट्रोल पंप चालणार नाही हं, जास्त प्रेशरचा लागेल, रिटर्न लाइनपण (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) बघ. आधी आरटीओत विचार, आरसीवर इंजिन नंबर बदलावा लागतो.

धन्यवाद मंडळी. भंगारवाला वायरिंगचे वेगळे पैसे मागतोय 😅