मदत हवी आहे: १० बाय ८ च्या खोलीत कोणत्या मापाची फुटॉन गादी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

घरातली सगळ्यात लहान खोली माझ्या वाट्याला आली आहे. दिवसा तिथेच काम, रात्री तिथेच झोप. सध्याचा पलंग एवढा ऐसपैस आहे की कपाटाचं एक दार गेली दोन वर्षं अर्धंच उघडतंय. म्हणून पलंग काढून फुटॉन, म्हणजे दुमडता येणारी गादी, घ्यायचं ठरवलं. चार दिवस मापं बघतेय आणि आता पार गोंधळले आहे.

खोली १० फूट लांब, ८ फूट रुंद. आखूड भिंतीच्या एका कोपऱ्यात दार, ३० इंची, आत उघडणारं. उघडलं की लांब भिंतीला टेकतं. समोरच्या आखूड भिंतीला खिडकी, तिच्याखाली टेबल: ४ फूट बाय २ फूट. दार ज्या लांब भिंतीला टेकतं तिच्या समोरच्या भिंतीला कपाट, तेही ४ बाय २, दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात. टेबल आणि कपाट एकाच अंगाला आहेत, त्यामुळे दाराकडची लांब भिंत पूर्ण मोकळी.

माझी उंची ५ फूट ३ इंच. कुशीवर झोपते. वर्षातून चारपाच रात्री भाऊ मुक्कामाला असतो (५ फूट १०), तेव्हा मी बाहेर सोफ्यावर झोपते.

माझ्या मनात फुल साइझ आहे, ५४ बाय ७५ इंच. दिवसा सोफा, रात्री पलंग होणाऱ्या फ्रेमवर. कागदावर तर बसतेय. कुणी वापरतंय का? क्वीन घेण्याचा मोह होतोय, तो आवरू का?

प्रतिसाद १

क्वीनचा मोह आवराच. ६० बाय ८० ची गादी म्हणजे फ्रेमचे हात धरून भिंतीवर सात फुटांच्या वर जागा लागणार. दाराची जागा सोडून तुमच्याकडे ९० इंच भिंत उरते. बसेल कशीबशी, पण मग चादर खोचायला हात कुठून घालणार?

प्रतिसाद २

फुल साइझ कागदावर बसतेय म्हणता, ती मिटलेली की उघडलेली? बहुतेकांची गफलत इथेच होते. दुकानात फुटॉन सोफ्यासारखा उभा असतो आणि आपण त्याच रूपाचं माप घेऊन घरी येतो.

तुमच्या मापांवरून मी आकृती काढून बघितली. दोन घडींच्या फ्रेमवर गादी लांबीला समांतर दुमडते. म्हणजे सोफ्याची लांबी ७५ इंच अधिक दोन हात, साधारण ८२ ते ८४. हे तुमच्या ९० इंचांत बसतं. मिटलेल्या सोफ्याची खोली तीन फूट, फार तर त्याहून थोडी जास्त. तेही बसतं. आता रात्री उघडा. गादीची रुंदी ५४ इंच. शिवाय बऱ्याच फ्रेम उघडताना पाठ मागे जाते, म्हणून सोफा भिंतीपासून चारसहा इंच पुढे ओढावा लागतो. झाले ६० इंच.

टेबल कुठे सुरू होतं? खोली ९६ इंच रुंद, टेबल ४८ चं, कपाटाच्या बाजूला सरकवलेलं. म्हणजे मोकळ्या भिंतीपासून ४८ इंचांवर. रोज रात्री टेबलाची कड गादीत १२ इंच घुसणार. आणि कपाट ७२ इंचांवर, म्हणजे गादी आणि कपाट यांच्यात १२ इंचांची फट. आत्ता एक दार अर्धं उघडतंय, तेव्हा दोन्ही उघडणार नाहीत.

भिंतीला चिकटूनच उघडणाऱ्या फ्रेमही मिळतात. त्या घेतल्या तरी ५४ आणि ४८ चा हिशोब काही सुटत नाही.

धागाकर्ती

अरे देवा. मी खरंच मिटलेल्याचंच माप घेतलं होतं. आकृतीबद्दल मनापासून आभार.

मग तीन घडींची फ्रेम? तिची लांबी कमी असते ना?

प्रतिसाद ३

भिंतीवरची लांबी कमी होते, पण ती वसुली दुसरीकडे होते. तीन घडींच्या फ्रेमवर फुल गादीची ५४ ची बाजू भिंतीला लागते आणि ७५ ची बाजू खोलीत येते. तुमच्या ८ फुटी रुंदीत ७५ इंच पुढे आले तर गादीचं टोक कपाटाच्या रेषेच्याही पलीकडे जाईल. लांबलचक, चिंचोळ्या खोलीच्या टोकाला ही फ्रेम शोभते. तुमच्या खोलीत नको. शिवाय तीन घड्यांत दुमडायचं तर गादी पातळ हवी. ८ इंची जाड गादी तीन घडीत बसतच नाही, आणि बसवलीच तर सोफ्यावरून घसरत राहते.

प्रतिसाद ४

वाचनखूण साठवली आहे.

प्रतिसाद ५

मी जरा वेगळं सुचवते. फ्रेमच कशाला हवी?

मूळ जपानी फुटॉन म्हणजे सोफा नव्हेच. जमिनीवर अंथरायची पातळ गादी, रात्री घालायची, सकाळी घडी करून ठेवायची. आपली वळकटीच म्हणा ना. खालच्या गादीला ते शिकिबुटॉन म्हणतात. मापं सेंटिमीटरमध्ये असतात: सिंगल १०० रुंद, सेमी-डबल १२०, डबल १४०. लांबी २०० किंवा २१०. जाडी साधारण ५ ते १०.

तुम्हाला सेमी-डबल अगदी नेमकी पडेल. १२० सेंमी म्हणजे ४७ इंच. टेबल ४८ वर सुरू होतं. एक इंच सुटतो! टेबलाला बाजूच्या फळ्या नसून नुसते पाय असतील तर तीही चिंता नाही, कारण पातळ गादी पायांमधून खाली सरकते. फ्रेमवरची गादी उंच असते, ती टेबलाला धडकते; ही धडकत नाही. कपाटापुढे २५ इंच राहतात. चालायला पुरेसे आहेत, दारंही उघडतील.

मी स्वतः सहा वर्षं १०० सेंमीवर झोपतेय. एकटीला पुरते, पण कूस बदलताना अर्धवट जाग येते. १२० असती तर बरं झालं असतं असं अजून वाटतं.

प्रतिसाद ६

+१. जाता जाता: 'फुल' या नावाला भुलून दोघांसाठी ५४ इंची घेणाऱ्यांनी हिशोब करावा. माणशी २७ इंच. तान्ह्या बाळाच्या कॉटमधली गादी साधारण तेवढीच रुंद असते. 😀

प्रतिसाद ७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे; दोनदा पडला).

धागाकर्ती

जमिनीवरच्या गादीचा विचारच केला नव्हता! टेबलाला नुसते पायच आहेत. म्हणजे सेमी-डबल जमतेय.

पण दोन शंका. भावासाठी डबल घ्यावी का, त्याला १२० पुरेल का? आणि सकाळी घडी करून ती ठेवायची कुठे? कपाटात?

प्रतिसाद ५ (पुन्हा)

भाऊ एकटाच झोपणार ना, तुम्ही सोफ्यावर. मग १२० का नाही पुरणार? रुंदी सोडा, लांबी बघा. उंचीपेक्षा निदान १५ सेंमी जास्त हवी. तो १७८ चा, म्हणजे १९३. फ्रेमवरच्या फुल गादीची लांबी १९० असते, तिच्यावर त्याची बोटं काठावर आली असती. २०० वर निवांत झोपेल. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण अजून अंथरूण घ्यायचंच आहे तर पाय बघून घ्या.

एक मात्र सांगते, चार रात्रींच्या पाहुण्यासाठी तीनशे साठ रात्रींची गादी निवडू नका.

कपाटाचं मात्र अवघड आहे. २०० सेंमीच्या तीन घड्या म्हणजे प्रत्येक घडी ६७ सेंमी. तुमचं कपाट २ फूट खोल, म्हणजे बाहेरून ६१, आतून त्याहून कमी. आडवी ठेवली तर कपाटाचं दार लागणार नाही. माझं हेच झालं होतं. गादी दारात अडकवून महिनाभर दार दोरीने बांधलं होतं मी.

शेवटी उभी ठेवली. ८ सेंमीची गादी तीन घड्यांत २४ ते २८ सेंमी जाड होते. घडी उभी करून पट्ट्याने आवळायची, म्हणजे ६७ रुंद, १२० उंच आणि एक वीत खोल. तुमच्या कपाटाशेजारी, टेबलापर्यंत त्याच भिंतीला ४८ इंच मोकळे आहेत. तिथे कपाटाच्या पोटात गेल्यासारखी बसेल. पट्टा मात्र घट्ट हवा, नाहीतर दुपारपर्यंत पोक काढून खुर्चीवर येते.

प्रतिसाद ८

जाडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तुम्ही कुशीवर झोपता. ५ सेंमीच्या गादीत खांदा आणि कंबरेचं हाड थेट फरशीला लागतं. पाठीवर झोपणाऱ्याला पातळ चालते, कुशीवरच्याला नाही. ८ ते १० घ्या. १० घेतलीत तर घडी ३० च्या वर जाईल, तेवढी जागा आहे का बघा. नुसता कापूस असेल तर काही महिन्यांत दबतो, म्हणजे आज ८ दिसते ती पुढे ८ राहत नाही. मध्ये फोमचा थर असलेली जास्त टिकते. सगळीच मेमरी फोम असेल तर घेऊ नका, दुमडली तरी घडी टिकत नाही.

आणि गुडघे कसे आहेत? गंमत नाही करत. जमिनीवरून उठणं विशीत वेगळं असतं आणि पन्नाशीत वेगळं.

प्रतिसाद २ (पुन्हा)

मी फ्रेमवाल्यांच्या पक्षाचा, तरी इथे जमिनीवरचीच योग्य असं म्हणतो. फक्त ओलावा विसरू नका. घामाची वाफ गादीतून खाली जाते, खाली थंड फरशी, मध्ये हवा नाही. रोज उचलली नाही तर खालच्या बाजूला बुरशी धरते. मित्राच्या घरी उचलून पाहिली तेव्हा काळ्या ठिपक्यांचा नकाशा होता. खाली लाकडी पट्ट्यांची बुटकी बैठक ठेवता आली तर उत्तम. आणि सकाळी उठल्याउठल्या घडी नको, आधी अर्धा तास उलटी टाकून वारा लागू द्या. अधूनमधून ऊन दाखवा.

घेण्याआधी वर्तमानपत्रं चिकटवून १२० बाय २०० चा तुकडा करा आणि आठवडाभर रोज रात्री जमिनीवर पसरा. त्याच्या कडेने फिरा, कपाट उघडा, रात्री अंधारात दारापर्यंत जा. टेपने खुणा केल्या तर त्यावरून आपण सहज चालत जातो, पायाखाली कागद वाजला की कळतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितेय.

कागदाचा प्रयोग केला. पहिल्याच रात्री लक्षात आलं की खुर्ची टेबलाखाली पूर्ण जात नाही, हात आडवे येतात. ती गादीवर चार बोटं येते. हे कुठल्याच आकृतीत नव्हतं! बिनहाताची खुर्ची बघतेय. दुसरं, उशाशी दार नको म्हणून डोकं खिडकीकडे करून बघितलं, तर डोकं नेमकं टेबलाच्या कडेशी. पहाटे दचकून उठले तर कपाळमोक्ष. म्हणून आता डोकं दाराकडे, पाय टेबलाकडे.

गुडघे अजून साथ देतायत. जमिनीवर सतरंजी आणि जुनी रजई टाकून चार रात्री झोपून बघितलं, तिसऱ्या रात्रीपासून सवय झाली.

१२० बाय २००, ९ सेंमी जाड, मध्ये फोम आणि वर कापूस, अशी सांगितली आहे. दुकानातच तीन घड्या करायला लावल्या आणि टेप लावली, २९ भरली. कपाटाशेजारी बसतेय.

भावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, मी सोफ्यावर झोपेन, तू तुझी गादी सांभाळ.

आता एकच अडलंय: १२० च्या गादीला बसणारी इलॅस्टिकची चादर कुठेच नाही. सिंगलची चढत नाही, डबलची पोत्यासारखी लोंबते. शिवून घ्यावी की साधी चादर खोचावी? की याचा वेगळा धागा काढू?

प्रतिसाद ५ (पुन्हा)

इथेच विचारा. साधी चादर, आणि कोपऱ्यांना चार बंद शिवून घ्या. गादीखालून तिरके बांधायचे. रोज घडी करायची आहे, इलॅस्टिक सहा महिन्यांत सैल पडतं.