घराची तपासणी: ‘दिसेल तेवढंच’ ही मर्यादा की पळवाट?

गिलावा:
घर विकत घेण्याआधी तपासणी करून घेतली की अहवालात पहिल्याच पानावर ओळ असते: ‘तपासणी फक्त दृश्य स्वरूपाची, तोडफोड न करता.’ म्हणजे भिंतीतले नळ, टाइलखालचं वॉटरप्रूफिंग, स्लॅबमधली सळई, सगळं बाहेर. खर्चिक दुखणी नेमकी तिथेच. माझ्या मते बरेच तपासनीस या ओळीआड लपतात.

ओळंबा:
असहमत. घर अजून विकणाऱ्याचं आहे, छिन्नी कोण चालवू देईल? आणि उपकरणांनाही मर्यादा आहेतच. ओलावामापकाच्या पिना गिलाव्यात काही मिलिमीटरच शिरतात, शिवाय भिंतीत क्षार असले तर ओल नसतानाही आकडा चढतो. थर्मल कॅमेरा तर पाणी बघतच नाही, तो बघतो पृष्ठभागाचं तापमान. महिनाभर न वापरलेल्या बाथरूमची भिंत त्यात निर्दोषच दिसणार.

गिलावा:
मग बाथरूम वापरून बघा ना! जाळीत बोळा घट्ट बसवा, फरशीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी साठवा, पातळीची खूण करा, २४ तासांनी खालच्या घराचं छत बघा. यात तोडफोड कुठे आली?

ओळंबा:
करावं, पण मालकाची आणि खालच्या मजल्याची परवानगी घेऊन. त्यातून फरशीचा दोष कळेल, भिंतीतल्या दाबाच्या नळाचा नाही. त्यासाठी सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा हलतो का, ते बघावं लागतं. आणि बारीक पाझर तिथेही निसटतो.

फेज-न्यूट्रल:
विजेचं राहिलंच. आरसीसीबीवरचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवरचं) टेस्ट बटण दाबलं, खटका पडला, लिहिलं ‘अर्थिंग ठीक’. साफ चूक! ते बटण आतल्या रेझिस्टरमधून मुद्दाम असमतोल तयार करतं. अर्थची तार तुटलेली असली तरी खटका पडतो. तीन दिव्यांच्या सॉकेट टेस्टरने तार जोडलेली आहे का ते कळतं, पण न्यूट्रल आणि अर्थची अदलाबदल त्याला ओळखता येत नाही. लूप टेस्टर (अर्थच्या वाटेचा रोध मोजणारं उपकरण) नसेल तर सरळ ‘अर्थिंग मोजलं नाही’ लिहा.

गिलावा:
हेच म्हणतोय. ‘दोष आढळला नाही’ आणि ‘तपासलं नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कपाट हलवता आलं नाही तर मागची भिंत तपासली नाही, असं स्पष्ट यायला हवं.

ओळंबा:
ते मान्य. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग घ्या. रुंदी मोजता येते. ती वाढतेय की जुनी, थांबलेली आहे, हे एका भेटीत कुणीही सांगू शकत नाही. काही महिन्यांच्या अंतराने परत मोजावी लागते.

गिलावा:
मग जिथे मोजली तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारा, अहवालात रुंदी आणि तारीख टाका. नुसतं ‘किरकोळ भेग’ लिहिलंत तर पुढचा माणूस तुलना कशाशी करणार?